चाकू उघडताना तुमचा दुसरा हात कुठे असतो? असिस्टेड की साधा मिटणारा चाकू : निवडीचा सविस्तर मार्ग

दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारच्या प्रयोगाआधी नेपथ्य लावायला आम्हाला जेमतेम दीड-दोन तास मिळतात. मी घोड्यावर, म्हणजे घडीच्या उभ्या शिडीवर उभी असते, एका हाताने झालर धरलेली असते आणि मागच्या प्रयोगाची बारला, म्हणजे पडदे टांगायच्या आडव्या दांड्याला, घट्ट बसलेली सुतळी कापायची असते. अशा वेळी दोन्ही हातांनी उघडावा लागणारा चाकू जवळ असून नसल्यासारखा. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा, म्हणजे असिस्टेड चाकू घेतला. बोटाने जरा रेटा दिला की उरलेलं काम स्प्रिंग करते आणि पातं खट्कन बाहेर येतं. त्या आवाजाचा मला फार आनंद झाला होता.

आमच्या टीममधले सगळ्यांत जुने सुतारकाका खालून हे बघत होते. ते एवढंच म्हणाले, "पोरी, झालर एका हातात, चाकू दुसऱ्या हातात. मग घोडा कोण धरतंय?"

चाकू किती पटकन उघडतो, यावर लोक तासन्‌तास बोलतात. खरा प्रश्न काकांचाच आहे : चाकू उघडताना दुसरा हात काय करत असतो? तो मोकळा असेल तर साधा चाकू घ्यावा. तो खरोखर अडकलेला असेल तरच असिस्टेडचा विचार सुरू होतो, आणि तोही मुंबईत राहून, लोकलने फिरून, इथल्या कायद्यात बसून करावा लागतो.

पहिली पायरी : आठवडाभर वही ठेवा

दुकानात जाण्याआधी एक आठवडा लिहून ठेवा. काय कापलं, कुठे उभं राहून कापलं, दुसरा हात कशात होता. मी हे केलं तेव्हा २२ नोंदी झाल्या. कुरिअरचे खोके, सुतळी, काळा कापडी टेप, दिव्यांवर लावायचा जिलेटीन पेपर, थर्मोकोल, आंब्याच्या पेटीची पट्टी, दोन पेरू. त्यातल्या फक्त ३ वेळा दुसरा हात सोडणं अशक्य होतं. बाकी १९ वेळा मला फक्त घाई होती.

याच वहीत आणखी एक गोष्ट दिसेल. काही कामांना चाकू लागतच नाही. केबल टायला साइड कटर पक्कड बरी, कारण चाकू टायखाली घालून ओढला की तो सुटून मनगटाकडे येतो. पुठ्ठा रोज कापायचा असेल तर पातं बदलता येणारा कटर स्वस्त पडतो. आणि घरातली भाजी मराठी घरात विळीवर झकास चिरली जाते, तिथे खिशातल्या चाकूचं काही काम नाही.

दुसरी पायरी : आतलं यंत्र समजून घ्या

साधा चाकू म्हणजे पातं पूर्णपणे तुमच्या बोटांच्या जोरावर उघडतं तो. त्याचे बरेच प्रकार आहेत. सर्वांत जुनी पद्धत पात्यावरच्या नखाच्या खाचेची. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढायचं. स्विस आर्मी चाकू असाच उघडतो. फ्रान्सच्या साव्वा भागातला लाकडी मुठीचा ओपिनेल, जो १८९० पासून बनतो आहे, तोही असाच.

पण साधा चाकू दोन हातांचाच असतो, हा मोठा गैरसमज आहे. पात्यावर अंगठ्यासाठी गुंडी असते किंवा भोक असतं. स्पायडेर्को कंपनीने १९८१ मध्ये पात्याला असं गोल भोक दिलेला चाकू आणला, आणि एका हाताने उघडणं सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. आता बऱ्याच चाकूंना पात्याच्या मागून बाहेर डोकावणारा छोटा कान असतो, त्याला फ्लिपर म्हणतात. तर्जनीने तो दाबला की पातं फिरतं. अशा चाकूत मिटलेलं पातं जागेवर धरायला एक बारीक गोळी असते. ती पात्यातल्या खळगीत बसते. फ्लिपरवर जोर दिला की गोळी खळगीतून सुटते आणि साठलेल्या जोराने पातं बाहेर येतं. उत्तम बनवलेला साधा फ्लिपर असिस्टेडइतकाच झटकन उघडतो, आणि आत तुटायला स्प्रिंग नसते.

असिस्टेडमध्ये मुठीच्या आत बहुधा वाकवलेली पोलादी तार असते. तिचं एक टोक मुठीत आणि दुसरं पात्यात. पातं मिटलेलं असताना तार त्याला आत, मिटण्याच्याच दिशेने ढकलत असते. तुम्ही गुंडीने किंवा फ्लिपरने पातं थोडं पुढे नेता, तसा एका बिंदूपाशी तारेचा जोर उलटतो आणि तीच तार पात्याला बाहेर फेकते. ब्लॅकी कॉलिन्स आणि केन ओनियन या अमेरिकी चाकू-रचनाकारांनी १९९० च्या दशकात ही कल्पना रुजवली. ओनियन यांनी कर्शॉ कंपनीसाठी केलेली स्पीडसेफ रचना आजही बाजारात आहे.

तिसरा प्रकार खटक्याचा, म्हणजे बटणाचा चाकू. त्यात जोर पात्याला द्यावा लागत नाही. मुठीवरचं बटण दाबलं की अडवलेलं पातं सुटतं. तो या लेखाचा विषय नाही, आणि तो घेऊ नका. पण हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावर आहे. दुकानदार दोन्हींना सर्रास "ऑटोवाला" म्हणतो. हातात आल्यावर एकच पाहायचं : बोट कुठे दाबतंय, पात्याला जोडलेल्या भागावर की मुठीवर?

तिसरी पायरी : कायदा आणि नाका

इथे मी जरा थांबणार आहे, कारण परदेशी माहिती वाचून चाकू घेणारे इथेच फसतात.

अमेरिकेत खटक्याच्या चाकूंवर १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. २००९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, मिटण्याच्या दिशेने ताण असलेले आणि पात्याला हाताने जोर द्यावा लागणारे चाकू वगळले गेले. म्हणून तिथले लोक निर्धास्तपणे "असिस्टेड कायदेशीर आहे" असं सांगतात. ब्रिटनने २०१९ च्या कायद्यात नेमकं उलट केलं. बटण किंवा स्प्रिंग मुठीत असो वा चाकूत कुठेही, तो चाकू बंदीत धरला. वस्तू एकच, पण देशागणिक निकाल वेगळा. लंडनच्या भाच्याला असिस्टेड चाकू भेट म्हणून नेऊ नका.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूप आत असतो, म्हणून पुष्कळ जण इथेच वाचन थांबवतात. मुंबईकरांना थांबून चालत नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या, म्हणजे पूर्वीच्या मुंबई पोलीस कायद्याच्या, कलम ३७(१) खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. शारीरिक इजा करता येईल अशी वस्तू बाळगण्यावर त्यात बंदी घालता येते. कलमाच्या मजकुरात तलवारी, भाले, काठ्या यांच्याबरोबर चाकूंचंही नाव आहे. भंग केल्यास कलम १३५ लागतं. सणासुदीला, निवडणुकीत, एरवीही हे आदेश निघतात. चाकू घेऊन बाहेर पडण्याआधी मुंबई पोलिसांचा चालू आदेश वाचणं ही सवय लावून घ्या.

कामासाठी दिल्लीला जात असाल तर आणखी एक. तिथल्या १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, स्प्रिंगचे आणि यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू येतात; पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा जास्त असेल तर. असिस्टेडमध्ये स्प्रिंग आहेच. आमचे दिल्लीतले प्रयोग असतात तेव्हा मी असिस्टेड चाकू घरी ठेवते.

कायद्याच्या पलीकडे नाकाही असतो. रात्री साडेबाराला टेम्पो थांबवला गेला, तर पोलिसाला तुमच्या चाकूतल्या तारेचा ताण कोणत्या दिशेने आहे हे समजावून सांगायला वेळ नसतो. त्याला खट् आवाज ऐकू येतो आणि झटकन उघडणारं पातं दिसतं. तोच चाकू हातोडी, पक्कड, टेपच्या गुंडाळ्यांबरोबर हत्यारांच्या पेटीत असेल तर तो हत्यारच दिसतो. म्हणून क्लिप लावून खिशावर चाकू मिरवणं मुंबईत मला अजिबात पटत नाही. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला जाताना पिशवी तपासली जाते, मॉलमध्येही तेच. विमानात तर तो हातातल्या सामानात चालतच नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागतो.

रात्री उशिरा एकटी घरी जाते म्हणून बऱ्याच मैत्रिणी मला विचारतात, स्वसंरक्षणाला असिस्टेड चाकू बरा का? नाही. धक्काबुक्कीत चाकू हिसकावून घेतला जातो, आणि ज्या हेतूने तो बाळगला तो हेतूच तुम्हाला कायद्याच्या कचाट्यात आणतो. त्या कामासाठी चाकू निवडायला मी कुणालाही मदत करत नाही.

चौथी पायरी : गर्दीत तो बंद राहील का?

माझा तो पहिला असिस्टेड चाकू स्वस्तातला होता. एका संध्याकाळी दादरहून गाडीत चढताना कापडी पिशवी छातीशी धरली होती. आत किल्ल्यांचा जुडगा, पाण्याची बाटली आणि मोकळाच टाकलेला चाकू. कुर्ल्याच्या पुढे पास काढायला पिशवीत हात घातला आणि मधलं बोट चिरलं. गर्दीच्या रेट्यात किल्ल्यांनी फ्लिपर दाबला होता, बाकीचं काम स्प्रिंगने चोख केलं होतं. टोक पिशवीतून अर्धा इंच बाहेर आलं होतं. शेजारी एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती. माझ्या बोटाला ३ टाके पडले, पण ते मूल आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

साधा चाकू असा रेटा बसला तर फार तर थोडा किलकिला होतो. असिस्टेड थोडा उघडला की पुरताच उघडतो. मुंबईच्या गर्दीत हा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो. तरीही असिस्टेड हवाच असेल तर मिटलेलं पातं अडवणारी सरकती खिट्टी असलेला घ्या, ती लावायची सवय ठेवा आणि चाकूला स्वतंत्र घट्ट म्यान द्या. पिशवीत मोकळा कधीही टाकू नका.

पाचवी पायरी : लॉक पाहा

पातं कसं उघडतं यापेक्षा उघडल्यावर ते मिटणार नाही ना, हे बोटांसाठी जास्त महत्त्वाचं. स्विस आर्मीच्या साध्या मॉडेलांत लॉक नसतं, फक्त पाठीमागची पट्टी दाब देते. फळं, सुतळी, खोकी यांना ते पुरतं. टोकाने भोक पाडायला गेलात तर पातं बोटांवर मिटू शकतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या टाचेमागे येऊन बसते. पाठीच्या लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबून पातं सोडवायचं असतं. डावखुऱ्यांना हे पाठीचं लॉक सोपं जातं, कारण लायनर लॉक बहुतेक उजव्या अंगठ्यासाठी बनलेलं असतं.

ओपिनेलचं कडं मला मनापासून आवडतं. मुठीच्या तोंडाशी असलेलं हे पोलादी कडं १९५५ मध्ये आलं. ते फिरवलं की उघडं पातं मिटत नाही, आणि आताच्या मॉडेलांत मिटलेलं पातं उघडतही नाही. लोकलसाठी याहून निश्चिंत करणारी गोष्ट मी पाहिलेली नाही.

सहावी पायरी : माप आणि पोलाद

पातं ७ ते ८ सेंटिमीटर पुरे. मुंबईत पोलाद निवडताना आधी गंजाचा विचार करा, मग धारेचा. कार्बन पोलाद सुरेख धार घेतं, पण जूनमध्ये एका रात्रीत त्यावर तांबूस ठिपके येतात. डी२ पोलाद बऱ्याच स्वस्त चिनी चाकूंत असतं. धार टिकते, पण त्यात क्रोमियम साधारण १२ टक्केच असल्याने ते पुरतं स्टेनलेस नाही. समुद्राजवळ राहत असाल तर पुसावं लागेल. स्वीडिश १४सी२८एन किंवा स्विस चाकूंतलं मऊसर स्टेनलेस इथल्या हवेत सुखाने राहतं. मऊ पोलादाला धार लवकर लावता येते, हा माझ्या लेखी गुण आहे.

लाकडी मुठीबद्दल एक सूचना. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि ओपिनेलचं पातं मुठीत अडकून बसतं. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकलं की पातं जरा वर येतं, मग नखाने ओढता येतं. जुलैत मी हे रोज करते.

सातवी पायरी : दुकानात हातात घेऊन तपासा

नागदेवी स्ट्रीटवर किंवा लोहार चाळीकडे हत्यारांच्या दुकानांत सकाळी जा. गिऱ्हाईक कमी असतं आणि दुकानदार चाकू शांतपणे हातात देतो. ऑनलाइन घेतलात तर याच चाचण्या घरी करा आणि परत करण्याची मुदत संपू देऊ नका.

आजीचा अडकित्ता आठवा. चांगल्या अडकित्त्याचे दोन दांडे खिळीपाशी सैल नसतात आणि जडही नसतात. चाकूचंही तसंच. पातं उघडून टोकाशी धरा, डावी-उजवीकडे हलवा. खळखळ नको. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर ठेवून द्या. मग लॉक. उघड्या पात्याची पाठ लाकडी काउंटरवर टेकवून हळूहळू दाबा, बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. लॉक सरकलं तर तो चाकू फुकटही घेऊ नका.

असिस्टेडची एक चाचणी सगळ्यांत महत्त्वाची. पातं अगदी सावकाश पुढे ढकला. सुरुवातीला ते मागे रेटतंय असं बोटाला जाणवलं पाहिजे. थोडं पुढे नेऊन हळूच सोडा, ते आपणहून मिटलं पाहिजे. तिथेच रेंगाळलं किंवा जरा हात लागताच उघडलं, तर हाच चाकू उद्या पिशवीत उघडेल. मग चाकू मिटवून उघडणारी बाजू खाली धरा आणि जोरात हलवा. शेवटी, हात किंचित ओला करून उघडा. पातं थांबताना मुठीला झटका बसतो, आणि मे महिन्यातल्या घामट हातातून असा चाकू निसटू शकतो. उंचीवर काम करत असाल तर खाली माणसं असतात. मुठीला दोरी बांधून ती मनगटात अडकवा, पण पात्याच्या वाटेत येणार नाही इतकीच लांब ठेवा.

असिस्टेड मिटवूनही पाहा. इथे स्प्रिंग तुमच्या विरुद्ध असते. एका हाताने उघडणारा चाकू एका हाताने मिटवता येत नसेल, तर झालर धरलेल्या माणसाला अर्धाच उपयोग झाला.

आठवी पायरी : पहिला आठवडा टेप लावून

धारेवर कापडी टेपचे दोन थर लावा आणि उघडणं-मिटवणं शिका. उघडताना फारसं कापत नाही, मिटवताना कापतं. लायनर लॉकमध्ये अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. पट्टी बाजूला करा, पातं जरा खाली आणा, तिथे थांबा, अंगठा बाहेर काढा, मगच तळव्याने पात्याची पाठ दाबून मिटवा. असिस्टेडमध्ये या थांब्यावर पातं उलट बाहेर पडायला बघतं, म्हणून पाठीवरचा दाब सोडायचा नाही. टेपवर कापल्याच्या खुणा दिसेनाशा झाल्या की टेप काढा.

देखभाल

पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्याला चाकू उघडून खळीतला धुरळा बारीक ब्रशने काढा. गोड्या पाण्याने धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, खिळीपाशी तेलाचा एकच थेंब सोडा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं आणि पातं जड करतं. शिलाई मशीनचं तेल चालतं. फळं कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा. धार लावायला निसणा बरा, दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांचा कोन ठेवून. सायकलवरचा धारवाला विळीला उत्तम धार लावतो, पण खिशातलं पातळ पातं फिरत्या चाकावर तापतं आणि मऊ पडतं.

असिस्टेडमधली तार कधीतरी तुटते, आणि समुद्राच्या हवेत गंजून लवकर तुटते. तुटल्यावर चाकू साधा झाला असं समजू नका. साध्या चाकूत पातं आत धरून ठेवायला गोळी किंवा पट्टी असते. बऱ्याच असिस्टेड चाकूंत ते काम ती तारच करते, त्यामुळे ती गेली की पातं मुठीत लोंबकळतं. असा चाकू टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि तार बदलूनच वापरा.

सध्या माझ्या पिशवीत कडं फिरवून बंद केलेला ओपिनेल असतो, तोही मनाई आदेश नसेल त्या दिवसांत. खिट्टीचा एक असिस्टेड चाकू हत्यारांच्या पेटीत, दोरी बांधून ठेवलेला आहे. तो फक्त बारवरच्या कामासाठी निघतो, आणि तेव्हा घोडा धरायला खाली कुणीतरी उभं असतं.